न चा ण

मारुती चौकातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात
भिंतीवर अजून महापुराची रेघ आहे,
मॉनिटरच्या वर हातभर.
मालकांनी दोनदा रंग दिला. पुन्हा उमटते.
त्या रेघेखाली बसून मी टाइप करते
लग्नपत्रिका, वास्तुशांती, दशक्रिया,
तीस रुपये पान.

द्वारका होवाळ सावळजच्या एसटीनं आल्या,
बेदाण्याच्या शेडवरून तशाच.
बोटांना गंधकाचा वास.
वही पोराची, अर्धी गणिताची
आणि उलटीकडून कथेची.

कथेत अंजिरा आहे. ती बेदाणा निवडते,
काडी वेगळी, काळा मणी वेगळा.
मालकाच्या बंगल्याला दोन संडास,
शेडवरच्या बायांना एकही नाही.
ती द्राक्षाच्या ओळीत जाते
आणि मुकादमाला तिची वेळ पाठ आहे.
हे सहाव्या पानावर.

नवव्या पानावर ती घरी येते.
उशीर का झाला, नवरा विचारतो,
आधी हातानं, मग तोंडानं.
त्याच हातानं सकाळी त्यानं
तसबिरीला हार घातलेला असतो.

वहीत माझ्याआधी दोघं येऊन गेलेले.
लाल पेन दिवाळी अंकाच्या सरांचं:
‘पानी’ नव्हे, ‘पाणी’. ‘व्हतं’ नव्हे, ‘होतं’.
सहाव्या पानाच्या समासात:
मुकादमाचा प्रसंग अजून खुलवता येईल.

पेन्सिल घरच्यांची.
सहाव्या पानाखाली दोन रेघा: हे जोरात आलंय.
नववं पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडलेलं:
आपलीच माणसं कशाला बदनाम करतीस?
पेन्सिल इतकी दाबलेली
की दहाव्या पानावर, जिथं अंजिरा कूस करून झोपलीय,
तिच्या अंगावर वळ उठलेत.

मी विचारलं, खोडलेलं पान धरायचं का?
‘धर की. दिस भरला म्हंजे हाजरी लागती.
ते पान म्या भरलंय.’
घरी विचारतील ना?
‘इचारत्यालच.
कसं इचारत्यात ते तू आता टाइप करशीलच की.’

हसल्या त्या. मग पडद्याकडं वाकल्या.
माझी बोटं सवयीनं ण वर गेली होती,
पहिल्या ओळीपासून.

ही सवय पाचवीतली.
बाईंनी फळ्यापाशी उभं करून
पन्नास वेळा म्हणायला लावलं होतं,
बाण, खाण, पाणी,
आणि प्रत्येक वेळी वर्ग हसायचा,
बाईसुद्धा, पदर तोंडाला लावून.
तेव्हापासून मी न ला भिते.
दुकानात कुणी गाव विचारलं तर मिरज सांगते.
त्याच्या पुढचं विचारलं तर
प्रिंटर चालू करते.

‘आडनाव काय गं तुझं?’

लाईट गेलेली. प्रिंटर मुका.
यूपीएस तेवढा टिकटिकत होता.
म्हटलं, वायदंडे.
त्यांच्या वस्तीतली नव्हे,
ओढ्याच्या पलीकडची.
त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या,
‘मग तर तुला सांगाय नगं.
अंजिराला तान लागली की ती पानी मागती.
ण जुळवत बसली तर घसा सुकंल तिचा.’

सात मिनिटं होती यूपीएसमध्ये.
मी एकेक ण काढत गेले.
पहिल्या दोन-तीनदा बोट अडखळलं,
मग नाही.
नवव्या पानावर द्वारकाबाईंनी खुर्ची ओढली
आणि बाहेर चौकाकडं तोंड करून बसल्या.

चौदा पानं, चारशेवीस रुपये.
त्यांनी चुरगळलेल्या नोटा सरळ करून दोनदा मोजल्या.
मी वीस परत केले, तर
माझ्याच टेबलावर ठेवून गेल्या.

संगणकानं प्रत्येक पानीखाली
तांबडी नागमोडी रेघ ओढलीय.
छापताना ती उमटत नाही.